प्री-पॉवर काढून इंटिग्रेटेड: गोव्यातली खारी हवा पण धरा हिशेबात

वेगळा प्री-अँप (इनपुट निवडणारा, आवाज कमी-जास्त करणारा) आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा) काढून दोन्ही एकाच डब्यात असलेला कमी वॅटचा इंटिग्रेटेड अँप घ्यावा का, या चर्चेत वॅट अर्धे म्हणजे आवाज अर्धा असं वर कुणीतरी लिहिलंय ते नाही पटलं, १०० चे ५० केले तरी फरक फक्त ३ डीबीचा (डेसिबल), कानाला थोडासाच, आणि फ्लॅटमध्ये शेजारी ओरडेपर्यंत चार-पाच वॅट पण लागत नाहीत. मी इंटिग्रेटेड घेतला तो वेगळ्याच कारणाने. आम्ही मिरामारला, समुद्र हाकेवर, घरात प्री, पॉवर, फोनो (टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा, बारीक सिग्नल वाढवणारा) अशी तीन डबडी आणि मागे केबलींचं जंजाळ. दर पावसाळ्यात डावा चॅनल खरखरायचा, मग गायब. अँप गेला म्हणून तो २० किलोचा धोंडा दोनदा दुरुस्तीला वाहून नेला (कंबर गेली ती वेगळीच), आणि शेवटी आरसीएची (डबडी जोडणाऱ्या केबलची) पिन उपसून बघतो तर खाऱ्या हवेने चढलेला हिरवट थर! आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, चालू.

इंटिग्रेटेडमध्ये प्री-पॉवरची जोडणी आतल्या आतच असते, तेवढ्या पिना कमी. पण टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट आहे ना बघून घ्या, आणि असला तरी बऱ्याचदा एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजचाच, म्हणजे सुई बसवलेल्या त्या भागाचा असतो, त्याहून क्षीण सिग्नलच्या एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिजवाल्यांचं एक डबडं राहणारच.