दम्याच्या पेशंटला 'आता घरी न्या' म्हणणाऱ्यांसाठी

करवीरकर: कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, "सीओपीडीत पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरनं हात वर केले. मॉर्फीन देऊन झोपवायचं आणि मोकळं व्हायचं." वाचून डोकं फिरलं. सीओपीडी म्हणजे धुरानं फुफ्फुसं कायमची खराब होणं, आपण त्यालाही दमाच म्हणतो. पॅलिएटिव्ह म्हणजे रोग जात नसला तरी त्रास हलका करणारे उपचार, आणि मॉर्फीन हे अफूपासूनचं औषध. आमचे बाबा शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर, वर बिडी. शेवटी शेवटी संडासपर्यंत जायचं तरी वाटेत दाराची चौकट धरून उभे राहायचे. दम्याचा पंप, वाफ, मशीन सगळं चालू, तरी धाप होतीच. पॅलिएटिव्हच्या बाईंनी आधी काय सांगितलं? टेबलफॅन तोंडावर घ्या, पुढं वाकून उशीवर कोपर टेका, अंघोळीला स्टूल ठेवा. एवढ्यानं भागेना, तेव्हा मॉर्फीनची अगदी कमी मात्रा, सोबत पोट साफ व्हायचं औषध. पंप एकही बंद केला नाही. बाबा झोपून राहिले नाहीत, कट्ट्यावर बसून पेपर वाचत होते. कॅन्सरवाल्याला हे मिळतं, मग दम्याच्या म्हाताऱ्यानं काय पाप केलंय?

गोळ्यावाला: दादा, भावना पोचल्या. पण ऑस्ट्रेलियातली २०२२ ची चाचणी वाचा. सीओपीडीच्या धापेवर रोज ८ आणि १६ मिलिग्रॅम मॉर्फीन देऊन बघितलं, आठवड्यात औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. तुमच्या बाबांना फॅननं बरं वाटलं असेल.

करवीरकर: आणि २००३ च्या चाचणीत धाप कमी झाली होती, ते सोयीनं विसरलात. आठवड्यात काय कळतंय?

पंचगंगेकाठ: मॉर्फीन राहू दे बाजूला. आधी उसाचं पाचट पेटवायचं बंद करा! सीझनला संध्याकाळी दारं लावून बसावं लागतं. अंगणात काळी भुसकटं, वाळत घातलेली धुणी पुन्हा धुवा. रोग पेरायचा आणि मग पॅलिएटिव्ह.

खोडवा: झालं, शेतकऱ्यावर आलं! ताई, साखर खाता ना? पाचट कुजवलं तर जमीन सुधारते, हे आम्हाला शिकवू नका. पाचट बारीक करायच्या कुट्टीच्या मशीनचं भाडं कोण देणार? ऊसतोड टोळीला उभ्या पाचटात सापाची भीती, मुकादम म्हणतो पेटवा. पेटवलं की जळीत म्हणून कारखाना वजनात कापतो. आम्ही काय हौसेनं पेटवतोय?

पंचगंगेकाठ: भाड्यापायी शेजाऱ्याची छाती जाळायची का?

खोडवा: शहरातल्या गाड्या काय अत्तर सोडतात?

सासुरवाशीण: सगळे बिडी आणि उसावर भांडताय. माझ्या सासूबाईंनी बिडी हातात धरली नाही. जन्मभर चूल फुंकली, फुफ्फुसं तशीच. तीस वर्षं 'बायकांना दमा होतोच' म्हणून काढली. गॅस आला २०१७ ला, तोवर काय उरलं होतं? आणि ऑक्सिजन मशीनचं लाईट बिल कुणी बोलत नाही. दिवसाला पंधरा तास तरी लावा म्हणतात. साधारण ३५० वॅटचं मशीन, म्हणजे दिवसाला पाचेक युनिट, महिन्याला दीडशे. शंभरच्या वर गेलं की दर कुठं जातो ते बघा. नवरा म्हणतो, रात्री तासभर बंद ठेवू. मी ठेवू देत नाही.

गोळ्यावाला: ताईंचं बरोबर. आणि एक सांगतो, मशीन सगळ्यांनाच नको. रक्तातला ऑक्सिजन खरंच कमी असेल त्यालाच. बोटाला लावायच्या मशीनवर ८८ ते ९२ पुरतं. ९८ दिसावं म्हणून लोक ऑक्सिजन वाढवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हातारा गुंगीत जातो.

करवीरकर: हेच तर त्या पॅलिएटिव्हच्या बाई पहिल्याच भेटीत समजावतात! म्हणूनच म्हणतोय, लवकर पाठवा, पार खाटेला खिळल्यावर नको. व्हेंटिलेटर नको असेल तर तेही शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मान्य केलंय, २०२३ ला सोपंही केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात.

गोळ्यावाला: घ्या, टेबलफॅनवर आपलं एकमत. त्याला नार्कोटिक्सचा परवानाही लागत नाही. मॉर्फीनला लागतो. २०१४ ला कायदा सैल झाला, तरी दुकानात विचारलं की माणूस चोर असल्यासारखं बघतात.

पंचगंगेकाठ: आणि धूर?

करवीरकर: धुराचा धागा वेगळा काढा!

खोडवा: काढतो की. पण चुलीच्या दम्यालाही बघतात का ओ त्या बाई? आई बसूनच झोपते. गाडी आणायची तर कुठल्या वारी ते सांगा, तोड चालू हाय.