खोबरेल परवडत नाही, पण साबण बिघडवायचा नाही. काय करू?

नमस्कार. कुडाळजवळच्या गावात मी सहा वर्षं घरी साबण करते. गावातल्या दोघीजणी मदतीला असतात, एक साचे भरते, दुसरी वड्या कापून कागदात बांधते. तेल अर्धं खोबरेल, बाकी राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचं तेल) आणि थोडं एरंडेल. किलोभर तेलात १०० ग्रॅमच्या १२ वड्या पडतात, वडी ८० रुपयांना.

घाण्यावरचं खोबरेल दोन वर्षांपूर्वी २४० रुपये किलो मिळायचं. आता ४४० च्या खाली कोणी देत नाही. म्हणजे वडीमागे आठ रुपये नुसत्या खोबरेलाचेच वाढले. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये आयात तेलांवरचं शुल्क वाढलं तेव्हापासून राइस ब्रानही चढलंय.

गिऱ्हाइकाचा हातही आखडलाय. गणपती झाले की परतणारे चाकरमानी दहा-दहा वड्या न्यायचे, यंदा तीन-चारवर भागवलं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे कारखान्याचा साबण स्वस्त झाला. माझी उलाढाल जीएसटी नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या खूपच खाली, नोंदणी नाही, मी कर लावतच नव्हते, त्यामुळे मला किंमत उतरवायला काहीच जागा नाही.

पावसाळ्यात एक चूक करून बसले. खोबरेल ३० टक्क्यांवर आणलं आणि तेवढं राइस ब्रान वाढवलं. कॉस्टिक सोड्याचा (तेलाचा साबण करणारा क्षार, प्रत्येक तेलाला वेगळा लागतो) हिशोब नव्याने केला होता, तरी वड्या महिनाभर बोट दाबलं की दबायच्या. मग कडेला नारिंगी ठिपके आले आणि कागद उघडला की जुन्या फरसाणासारखा खवट वास. ४४ वड्या फेकल्या. त्यातल्या दोन आधीच एका बाळंतिणीच्या घरी गेल्या होत्या. जाऊन परत आणल्या, पण ते मनातून जात नाही.

डिसेंबरच्या पर्यटकांसाठीचा साबण आताच साच्यात पडायला हवा, मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. किंमत ९५ करू की वडी लहान करू? आणि होमस्टेवाले तीन-तीन महिने पैसे थकवतात, त्याचं काय करता तुम्ही? दोघींपैकी एकीला थांबवण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नका.

प्रतिसाद:
ताई, राइस ब्रानमध्ये जवळपास तिसरा हिस्सा लिनोलेइक आम्ल असतं, ते लवकर खवट होतं. प्रमाण वाढलं आणि वर कोकणातली दमट हवा, म्हणून ठिपके आले. खोबरेल ४० टक्क्यांवर आणा, पण त्या जागी राइस ब्रान नको, कोकमाच्या बियांचं मुठेल १० टक्के घालून बघा. घट्ट तेल आहे, वडीला कडकपणा येतो. फेस थोडा कमी होईल. त्याला कॉस्टिक वेगळं लागतं, हिशोब परत करा आणि आधी एकाच किलोचा साबण घाला. विकतचं मुठेल महाग पडतं, घरी काढणाऱ्या बायका तुमच्याकडेच सापडतील.

मी वडी ७५ ग्रॅमची केली, ७० रुपयांना. वजन वेष्टनावर ठळक लिहिलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगितलं. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. होमस्टेवाल्यांकडून अर्धे पैसे आगाऊ घ्या, त्याशिवाय माल सोडू नका.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार. शेजारच्या काकी दरवर्षी बिया कुटून, उकळून मुठेल काढतात आणि थंडीत भेगांना लावायला वाटतात. इतकी वर्षं मीही टाचांना लावतेय, साबणात घालायचं डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे जाते. ७५ ग्रॅमचंही पटलं.

आगाऊ पैशांचं मात्र बोलायला जीभ रेटत नाही, सगळी ओळखीचीच माणसं. कुणी असं मागितलं असेल तर नेमक्या कोणत्या शब्दांत, तेवढं सांगाल का?