क्रोमवर मारलेल्या रंगाचे पोपडे निघाले. आता काय करू?

रोपांची_गाडी

माझ्याकडे जुनी सिंगल कॅब पिकअप आहे. रोपं, कुंड्या, खताची पोती वाहते. गाडी निव्वळ कामाची, पण आधीच्या मालकाला चकाकीची भारी हौस. पुढची जाळी, दोन्ही बंपर, आरशांची टोपणं, दारांची हँडल, सगळं क्रोम. दुपारी मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पुढच्या बंपरवर तर आता तपकिरी ठिपके पडायला लागलेत.

मागच्या महिन्यात जाळी काढली, साबणाने स्वच्छ धुतली, वाळवली आणि स्प्रे कॅनने मॅट काळ्या रंगाचे तीन हात दिले. दिसायला एकदम झकास. आठ दिवसांनी प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली, तर सापाने कात टाकावी तसा रंग सुटून आला. खाली क्रोम जसंच्या तसं, मला हसत.

प्रायमर मारला असता तर टिकला असता का? एकाने सांगितलं की ॲसिडने क्रोम उतरव. दुसरा म्हणतो सोलून काढता येणारं रबरी कोटिंग मार. नक्की कोणाचं ऐकू?

लांबी_पट्टी

दादा, नुसतं धुवून क्रोमवर रंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गाड्या रंगवायच्या कामात माझी वीस वर्षं गेली. पोपडे निघालेली क्रोमची जाळी घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही.

आधी काय चाललंय ते समजून घ्या. जी चमक दिसते ती मुख्यतः निकेलची. त्याच्यावरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पातळ असला तरी महाकठीण, आणि हवेशी गाठ पडली की त्यावर ऑक्साइडचं अदृश्य कवच धरतं. गंज लागू नये म्हणूनच तर ते असतं. पण जे गंजाला धरू देत नाही ते रंगालाही धरू देत नाही. रंगाला पकडायला ओरखडे लागतात आणि क्रोमवर ओरखडा नावाला नसतो.

आता लोहचुंबक घ्या आणि गाडीभोवती फिरा. बंपरला कचकन चिकटला तर पोलाद. जाळी आणि आरशाची टोपणं बहुधा एबीएस प्लास्टिकवर मुलामा दिलेली निघतील. मुलाम्यातल्या निकेलमुळे चुंबक तिथेही किंचित ओढल्यासारखा वाटू शकतो, फसू नका. नखाने ठोकून आवाज ऐका.

घासायच्या आधी मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या क्लीनरने पुसा. हा क्रम उलटा केला तर मेण ओरखड्यांतच भरून बसतं. मग ३२०चा वॉटर पेपर, त्यावर ४००चा, ओलं ठेवून. कुठवर घासायचं? तुमचं तोंड दिसायचं बंद होऊन सगळं राखेच्या रंगाचं दिसेपर्यंत. कोपऱ्यात चकाकता एक ठिपका जरी राहिला तरी पोपडा तिथूनच सुटणार. परत पुसा आणि स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर पुढे जा. त्याचे मणी झाले तर अजून तेलकट आहे.

प्रायमर दोन भाग मिसळून मारायचा, इपॉक्सी. 'सेल्फ एच', म्हणजे धातूला स्वतःच ओरखडे पाडणारा, असं लिहिलेला डबा बघून भुलू नका. त्यातलं ॲसिड उघड्या पोलादाला, ॲल्युमिनियमला चावा घेतं, क्रोमला नाही. घासताना कुठे प्लास्टिक उघडं पडलं तर तिथे आधी प्लास्टिकचा ॲडहेशन प्रमोटर, म्हणजे रंगाची पकड वाढवणारा हात. मग रंगाचे पातळ हात, शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर.

बंपरवरच्या तपकिरी ठिपक्यांचं म्हणाल, तर तिथे मुलाम्याला सुईएवढी भोकं पडून खालचं पोलाद गंजतंय. ते खरवडून, धातू उघडा पाडूनच प्रायमर मारा. गंज झाकला तर पुढे फुगा येणार.

वाफाळ_नको

ॲसिडच्या सल्ल्यावर फक्त एवढंच: घरी करू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोम उतरवतं हे खरं, पण त्याच्या वाफेने छाती जळते आणि आजूबाजूच्या लोखंडी हत्यारांवर गंज चढतो. उरलेल्या पाण्यात क्रोमियम आणि निकेलचे क्षार असतात, ते गटारातही ओतायचे नाहीत आणि मातीतही. तुम्ही रोपं वाहता म्हणता, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कोरडं घासू नका. निकेलची धूळ श्वासात जायला नको, कातडीलाही अनेकांना सोसत नाही. हातमोजे घाला. हार्डनर घालून मारायच्या रंगात बहुधा आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, तिथे कापडी मास्क म्हणजे निव्वळ समाधान. तेवढं काम नीट स्प्रे बूथ असलेल्याकडून करून घ्या.

सोलून_बघ

मी रबरी कोटिंगवाल्या पार्टीचा. 😄 त्याला घासायची गरज नाही, नुसतं स्वच्छ आणि कोरडं हवं. लोक चुकतात ते कंजूषपणा करून. दोन पातळ हात मारले तर पुढे काढताना नखाएवढे तुकडे खरवडत बसाल. पाच-सहा हात द्या, म्हणजे अख्खा पापुद्रा एकदम निघतो. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच ओढा, नाहीतर टेपबरोबर कोटिंगही फाटतं. आणि पेट्रोलला जपा, थेंब सांडला की ते विरघळतं.

आरशांच्या टोपणांना मात्र विनाइलची फिल्म बघा. क्रोमचा जो गुळगुळीतपणा रंगाला मारक तोच फिल्मला फायद्याचा. जाळीला फिल्म लावायच्या फंदात पडू नका. माझी एक अख्खी रविवारची दुपार सहा भोकांत गेली आणि जाळीला भोकं होती चाळीस.

लांबी_पट्टी

जाळीला रबरी कोटिंग ठीक. बंपरला नको. समोरून उडालेला खडा पहिली चीर पाडतो आणि प्रेशरचं पाणी त्या चिरेत शिरून बाकीचं उकलतं. बंपर पोलादी निघाला तर पावडर कोटिंगचाही (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवतात) विचार करा, मात्र क्रोम आधी कारखान्यात उतरवून. प्लास्टिकचा एकही भाग चुकून त्यांच्याकडे देऊ नका. ती भट्टी १८०-२०० अंशांची असते, जाळीची पार वाट लागेल.

मागच्या_सीटवरून

ही गाडी जुनी आहे म्हणून चाललंय, पण नवी पिकअप असलेल्यांनी हे वाचून लगेच डबा उघडू नये. अनेक गाड्यांत पुढच्या बिल्ल्यामागे किंवा जाळीत रडार असतं. त्याच्या झाकणावर रंग चढवला, त्यातही धातूचे कण असलेला, तर समोरची गाडी त्याला नीट दिसत नाही. बंपरमधली पार्किंग सेन्सरची गोल बटणंही रंगाच्या थरांखाली बुजवू नका.

रोपांची_गाडी

सगळ्यांचे आभार. आणि लांबी_पट्टी, दादा नाही, ताई.

चुंबक फिरवला. दोन्ही बंपर पोलादी, बाकी सगळं प्लास्टिक. दारांच्या हँडलवर तर मुलामाच फुगलाय. त्याचा पापुद्रा नखाने उचलायला गेले आणि बोट कापलं, ब्लेडसारखी धार असते त्याला.

पुढच्या बंपरवर एक हातभर पट्टी करून पाहिली. ३२०ने घासायला पाऊण तास लागला, दंड भरून आला. इपॉक्सी, त्यावर काळा. आठवडाभर वाळू दिला, मग ब्लेडने चौकड्या पाडून टेप दाबून ओढली. एका कडेचा तुकडा निघाला, बाकी काही हललं नाही. निघालेल्या तुकड्याखाली बघितलं तर चकाकतंय. तिथे बोल्टच्या खाचेत पेपर पोचलाच नव्हता.

लांबी_पट्टी

चुकलं ताई. खाचेसाठी पेपर पेन्सिलीला गुंडाळा किंवा राखाडी स्कॉचब्राइटचा तुकडा बोटाने दाबून फिरवा. फुगलेल्या हँडलवर मेहनत घालू नका, उरलेला मुलामाही सुटत जाणार. ती बिनक्रोमची काळी मिळतात, सरळ बदला.

रोपांची_गाडी

हँडल मागवली. जाळीला कोटिंगचे सहा हात झाले. पुढचा बंपर अर्धा राखेच्या रंगाचा आहे, मागच्याला अजून हात लावलेला नाही. मागून येणाऱ्यांनी थोडे दिवस सांभाळून घ्यावं.