मध्येच दुसरा ठिपका चमकला, तर माकडाच्या मेंदूत पहिली जागा टिकते कशी?

प्रश्न: माकडाला एका ठिपक्याची जागा लक्षात ठेवून शेवटी तिकडे नजर न्यायची असते. हा ठिपका म्हणजे लक्ष्य: तो ३०० मिलिसेकंद दिसतो, मग १ सेकंद विलंब, ३०० मिलिसेकंदांचा फसवा ठिपका आणि पुन्हा १ सेकंद विलंब. माकडाची नजर बरोबर जागी जाते. पण पहिल्या विलंबातल्या नोंदींवर शिकवलेला डिकोडर (न्यूरॉनांच्या हालचालीवरून लक्ष्याची जागा ओळखणारा संगणकी प्रोग्राम) दुसऱ्या विलंबात आपटतो. आठवण पुसली गेली म्हणायची का?

उत्तर १: नाही हो. दुसऱ्या विलंबावरच डिकोडर शिकवून पाहा, लक्ष्य पुन्हा वाचता येतं. मजकूर तोच, लिपी बदलली. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पार्श्व प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या पुढच्या भागाची बाहेरची बाजू) हेच दाखवलं. फ्रंटल आय फील्डमध्ये (नजर हलवण्याशी जोडलेला शेजारचा भाग) उलटं: सांकेतिक रूप तेच राहतं, पण ठिपक्यानंतर माहिती बरीच गळते. लिपी बदलण्याचं काम मिश्र प्रतिसाद देणाऱ्या, म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टींनुसार (जसं जागा आणि कामाचा टप्पा) प्रतिसाद बदलणाऱ्या न्यूरॉनांचं. म्हणून विलंबभर 'फक्त सतत धडधडणारे' न्यूरॉन निवडून सरासरी काढू नका, नेमका मालच गाळला जातो.

उत्तर २: आधी एक साधी चूक तपासा. फसवा ठिपका लक्ष्याच्या जागी कधीच येत नसेल, तर डिकोडर ठिपक्याची जागा वाचूनच 'लक्ष्य इथे नाही' हे शिकतो आणि अचूकता फुगते. ठिपक्याची जागा स्थिर धरून प्रत्येक गटात वेगळं मोजा. डिकोडर शिकवण्याच्या आणि तपासणीच्या प्रयोग-फेऱ्या वेगळ्या ठेवा, आणि प्रत्येक जागेच्या फेऱ्यांची संख्या सारखीच.

उत्तर ३: वरच्याला जोड. डिकोडरला मेंदूच्या एखाद्या भागातून लक्ष्य वाचता आलं, एवढ्यावरून तो भाग आठवणीसाठी गरजेचा आहे हे ठरत नाही. त्यासाठी मस्किमॉलसारख्या, न्यूरॉन शांत करणाऱ्या औषधाने तो तात्पुरता बंद करून पाहावा लागतो. सुझुकी-गॉटलीब (२०१३) यांनी पृष्ठपार्श्व प्रीफ्रंटल बंद केल्यावर फसव्या ठिपक्यामुळे होणाऱ्या चुका वाढल्या; पार्श्व इंट्रापरायटल भाग (मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूचा, नजर आणि लक्ष यांच्याशी जोडलेला) बंद केल्यावर परिणाम त्याहून सौम्य.