फुलाचे टोन उलटवणं म्हणजे फसलेला फोटो झाकणं?

पाकळी: "फुलांचे टोन उलटवणं म्हणजे फसलेला फोटो झाकणं," ही कालची पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय. टोन उलटवणं म्हणजे उजळ ते गडद आणि गडद ते उजळ करणं, एवढंच. छायाचित्रकार मॅन रे यांनी १९३० च्या सुमारास कॅला लिली सोलराइझ केल्या, म्हणजे डार्करूममध्ये मध्येच उजेड देऊन टोन काही अंशी उलटवले, त्या काय झाकायला? अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांची १८४३ पासूनची सायनोटाइप्स (उन्हात निळ्या होणाऱ्या कागदावरचे ठसे) बघा, निळ्यावर पांढरं शेवाळ. तेही फसलेलंच का?

निवांत: पोस्ट माझीच, आणि मी ठाम आहे. अ‍ॅटकिन्स कागदावर थेट शेवाळ ठेवायच्या, तिथे उलटंच उमटणार. तुम्ही सॉफ्टवेअरमधलं इन्व्हर्टचं, म्हणजे टोन आणि रंग दोन्ही उलटवणारं, बटण दाबता. सूर्यफूल निळं, गुलाब मोरपंखी. फूल उरलं कुठे?

पाकळी: म्हणून सरसकट इन्व्हर्ट करायचंच नाही! लॅब मोडमध्ये उजेड आणि रंग वेगळे ठेवलेले असतात, त्यातला फक्त एल चॅनल, म्हणजे उजेडाचा भाग, उलटवा. रंग त्याच कुळातला राहतो, उजेड-अंधाराची अदलाबदल होते. पॉपीचं फूल लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) ठेवून पांढऱ्या पार्श्वभूमीवर घ्या, मग उलटवा. दोन पाकळ्या एकमेकींवर येतात ती गडद जागा सगळ्यात उजळ होते, शीर न शीर दिसते. फोटो फसलेला असेल तर यातलं काहीही मिळत नाही.

लालदिवा: माउसवाल्यांनी सोलरायझेशनचं नावच घेऊ नये. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, प्रिंट असताना क्षणभर दिवा लावायचा, काय होईल ते आपल्या हातात नसतं. माझ्या गुरूंनी अशी एक लिली केली होती, कडेला केसाएवढी पांढरी रेघ. ती परत कुणालाच जमली नाही, त्यांनाही नाही.

निवांत: म्हणजे अपघातालाच कला म्हणायचं?

लालदिवा: अपघात? दिवा कधी लावायचा हे कळायला वर्षं जातात! उजळ-गडद भागांच्या सीमेवर डेव्हलपिंगमध्ये सुटणारं ब्रोमाइड साचतं, तिथलं डेव्हलपिंग अडतं आणि ती पांढरी रेघ, म्हणजे मॅकी रेषा, उमटते. कर्व्ह, म्हणजे सॉफ्टवेअरमधला टोन बदलायचा आलेख, उलट्या व्हीसारखी वाकवून टोन पलटतील, ही रेषा येणार नाही. कर्व्हला शेजारचा पिक्सेल दिसतच नाही.

पाकळी: मान्य, रेषा येत नाही. पण सगळ्यांकडे डार्करूम नसते. त्यांनी प्रयोगच करू नयेत का? आणि कर्व्ह वाकवणारच असाल तर निदान १६ बिटमध्ये (म्हणजे टोनच्या जास्त पायऱ्या असलेल्या फाइलमध्ये) वाकवा, आठ बिटमध्ये पाकळीवर पट्टे पडतात.

निवांत: लाइटबॉक्सवालं पटलं, तेवढंच. तिथे शटर दाबण्याआधीच विचार झालेला असतो. बाकी नव्वद टक्के लोक नंतर बटणं दाबत बसतात, माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे आणि राहील.

लालदिवा: आणि माझी तुम्हा दोघांबद्दल.