चोपड्याचे सामान आणि जळगावची खोली

ताई (जळगाव)
सर्वांना नमस्कार. आप्पा-आई चोपडा गावाहून जळगावला ज्या ज्येष्ठ नागरिक वसाहतीत राहायला येणार आहेत, तिथली त्यांची खोली काल मी फीत लावून मोजून आले. मुख्य खोली १३ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. तिला लागून न्हाणीघर, एका भिंतीशी चहापुरता ओटा आणि बाहेर ४ फूट रुंदीची गॅलरी आहे. दार ९०० मिलिमीटरचे, म्हणजे तीन फुटांना जरासे कमी भरते. दोन्ही वेळचे जेवण खालच्या भोजनगृहात मिळते. चोपड्याचे घर पाच खोल्यांचे आहे आणि त्यातले सामान चाळीस-पन्नास वर्षांत एकेक करून जमलेले आहे. त्यामुळे काय न्यायचे आणि काय ठेवायचे हे टेम्पो दारात उभा राहिल्यावर ठरवण्याची वेळ आपण येऊ देऊ नये. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पाऊस लागण्याच्या आत सामान हलवावे लागेल, कारण उघड्या टेम्पोत सागवान आणि कापसाच्या गाद्या भिजवून चालणार नाही. प्रत्येकाने आपले मत इथेच सविस्तर लिहावे. आप्पा ग्रुपवरचा प्रत्येक शब्द वाचतात, हे लक्षात ठेवून लिहावे.

दादा (पुणे)
माझे मत स्पष्ट आहे. मोठा पलंग गेलाच पाहिजे. तो आजोबांनी सातपुड्यातल्या सागाचा करून घेतलेला आहे, आपण तिघेही त्यावर वाढलो आणि आज तसे लाकूड पैसे मोजूनही सहज मिळत नाही. परक्या जागी पहिल्या रात्री जाग आली, तर हाताला निदान ओळखीचे लाकूड लागावे, एवढीच माझी इच्छा आहे. गोदरेजची दोन्ही कपाटे, आप्पांची आरामखुर्ची आणि मधल्या घरातली बंगईही (झोपाळा) न्यावी. वाहतुकीचा सर्व खर्च मी करीन, त्याची चिंता कोणी करू नये.

वहिनी (पुणे)
यांची भावना मला समजते, पण रोज माझ्यासमोर उपचारासाठी येणारी वयस्कर माणसे पाहून मला जे कळते ते इथे लिहिणे मी कर्तव्य समजते. वस्तू किती जुनी, किती किमती किंवा किती लाडकी आहे, हे नंतर पाहता येईल. तिच्यावर बसलेल्या माणसाला कोणाचा हात न धरता उठता येते का, हे आधी पाहिले पाहिजे. आप्पांच्या खुब्याचा सांधा बदललेला आहे. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेले आहे. आप्पांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची मी मागच्या वेळी मोजली, ती १८ इंच आहे. म्हणजे त्यांची खुर्ची १८ ते १९ इंच उंच हवी, बैठक घट्ट हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण उठताना माणूस पायांइतकाच तळव्यांच्या जोरावर उठतो.

या मापाने पाहिले तर आरामखुर्ची पहिल्यांदा बाद होते. तिची कापडी झोळी माणसाला खाली आणि मागे ओढते, आणि त्या झोळीतून उठण्यासाठी पुढे झुकावे लागते तेच आप्पांना वर्ज्य आहे. दिवाण १५ इंचांचा आहे, तोही कमी पडतो. उलट मोठा पलंग गादीसकट २७ इंच भरतो. आईंची उंची बेताची असल्याने त्या काठावर बसल्या की त्यांचे पाय अधांतरी राहतात आणि रात्री उठताना त्या पलंगावरून अक्षरशः घसरून खाली उतरतात. मी हे दिवाळीत स्वतः पाहिले आहे. त्या कधी बोलल्या नाहीत, म्हणून आपल्या लक्षात आले नाही. पलंगाची उंची गादीवर बसून मोजायची असते, रिकाम्या चौकटीची नव्हे, कारण कापसाची गादी अंगाखाली इंच-दीड इंच दबते. दोघांसाठीही १९ ते २० इंच योग्य होईल.

काचेचा टीपॉय आणि दारातली सतरंजी यांविषयी चर्चासुद्धा करू नये, अशी माझी विनंती आहे. वॉकरचा पाय सतरंजीच्या काठात अडकतो, आणि रात्रीच्या अंधारात काचेची कड दिसत नाही.

काका (चोपडा)
सूनबाईंचे म्हणणे वाचून मी आज सकाळी एक प्रयोग केला, तो सर्वांना कळावा म्हणून लिहितो. अंगण सारवलेलेच होते. तुमच्या काकूकडून रांगोळी घेऊन मी त्यावर १३ बाय ११ फुटांचा चौकोन आखला, दाराच्या जागी तीन फूट मोकळे सोडले आणि ताईने पाठवलेल्या नकाशाप्रमाणे न्हाणीघराचे दारही दाखवले. मग शेजारची चार मुले बोलावून मोठा पलंग सुटा करून बाहेर आणला आणि चौकोनात मांडला. एक कपाट म्हणून धान्याची कोठी ठेवली, बाजूला खुर्ची आणि टीपॉय ठेवला. त्यानंतर दादांना, म्हणजे तुमच्या आप्पांना, वॉकर घेऊन दारातून आत यायला सांगितले.

दारातून ते नीट आले. पलंगाला वळसा घालून न्हाणीघराकडे निघाले, तेव्हा पलंगाचा कोरीव खूर आणि कोठी यांच्यामध्ये वॉकर अडकला. त्यांनी तो उचलून आडवा केला, पुन्हा एक पाऊल टाकले, पुन्हा थांबले. वॉकरच्या रबरी टोपणांनी रांगोळीची रेघ दोन ठिकाणी पुसली गेली होती. ते त्या पुसलेल्या जागेकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "पलंग काढ." त्यानंतर पुढचे काही सांगावे लागले नाही.

धाकटी (नाशिक)
काका, तुम्ही हे केलेत ते फार बरे झाले. आम्ही इथे कागदावर कितीही चौकोन काढले असते तरी आप्पांना ते पटले नसते.

आता हिशेब मांडते. मोठा पलंग साडेसहा फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. तो भिंतीला लावला तर आतल्या बाजूला निजणाऱ्या माणसाला दुसऱ्याला उठवल्याशिवाय बाहेर येता येणार नाही. तो मध्ये घेतला तर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट उरतात, आणि एवढ्यात वॉकर चालतो पण चाकाची खुर्ची वळत नाही. आज आप्पांना चाकाची खुर्ची लागत नाही, पण पुढे लागली तर आपण पुन्हा सामान बदलत बसणार का? चाकाची खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट मोकळी जागा लागते. तीन फूट रुंदीचे दोन एकेरी पलंग समोरासमोरच्या भिंतींना लावले, तर ११ फुटांतून ६ वजा जाऊन नेमके पाच फूट मध्ये मोकळे राहतात. लांबीत साडेसहा फूट पलंगांना जातात आणि उरलेल्या साडेसहा फुटांत एक कपाट, एक छोटे मेज आणि दोन खुर्च्या बसतात. याहून अधिक काही बसवू नये, हे मी पूर्ण विचाराने लिहिते आहे.

गोदरेजचे कपाट एकच न्यावे. ते जड असल्याने आधाराला धरले तरी हलत नाही आणि त्याच्या आतल्या तिजोरीत कागदपत्रे राहतील. मात्र नेहमीचे कपडे आणि औषधे गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असलेल्या खणांतच ठेवावीत, आणि सगळ्यात वरचा खण आपण मुलांनी वापरावा, म्हणजे आईला स्टुलावर चढण्याचा मोह होणार नाही. लोखंडी कूलर नेऊ नये. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो हे खरे, पण त्या खोलीत एसी आहे, आणि कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना फरशीवर जे सांडते त्यावरून कोण घसरेल हे सांगता येत नाही.

बंगईबद्दल लिहिताना माझाही जीव तुटतो. तिच्या पितळी कड्यांचा आवाज म्हणजे माझ्यासाठी आपले घर आहे. परंतु नव्या इमारतीच्या छताला हूक ठोकण्याची परवानगी नाही, आणि असती तरी बसताना मागे सरकणारी वस्तू आप्पांच्या खोलीत असू नये.

दादा (पुणे)
काकांचा संदेश मी तीन वेळा वाचला. मी माझा आग्रह मागे घेतो. वसाहतीच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा त्यांनीही, महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी ठरवलेल्या निकषांचा दाखला दिला. त्यांत दारे ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावीत असे आहे, तसेच फर्निचर हलके, मजबूत आणि टोकदार कडा नसलेले असावे असेही म्हटले आहे. आपला पलंग यांपैकी फक्त मजबूत आहे.

मात्र ते लाकूड मी परक्याच्या हाती जाऊ देणार नाही. आज चोपड्याच्या आपल्या सुतारांशी फोनवर सविस्तर बोललो. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या पलंगाच्या लांब पट्ट्या तशाच ठेवून आडव्या पट्ट्या पाच फुटांवरून तीन फुटांवर आणल्या तर एक एकेरी पलंग उभा राहतो. दुसरा दिवाणाच्या सागवानी चौकटीतून होतो, त्याला फक्त पाय नवे लावावे लागतील. चौकट १६ इंचांवर घेतली आणि वर चार इंचांची गादी घातली की वहिनींनी, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टरीणबाईंनी, सांगितलेले माप मिळते. कोपरे ते घासून गोल करून देतील. डोक्याकडची कोरीव फळी मधोमध कापावी लागेल, अर्धी आप्पांकडे आणि अर्धी आईकडे जाईल. कापताना मी स्वतः तिथे उभा राहणार आहे.

ताई (जळगाव)
दादा, तू हे सुचवलेस याचा मला मनापासून आनंद झाला. देव्हाऱ्याचेही असेच करावे. तो जमिनीवर न ठेवता भिंतीला अशा उंचीवर लावावा, की आईला खुर्चीवर बसून दिवा लावता येईल. कानबाईचा, म्हणजे आपल्या खानदेशच्या देवीचा, चौरंग मात्र काकांकडेच राहू द्यावा. श्रावणात कानबाई चोपड्याच्याच घरात बसणार, रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळे भाऊबंद तिथेच जमणार, तेव्हा तो चौरंग त्या घराचा आहे. बंगईही काकांकडे राहिली तर आखाजीला माहेरी येणाऱ्या मुलींना झोका मिळेल, आणि आपण येऊ तेव्हा आपल्यालाही.

शिवणयंत्र, जेवणाचे मेज आणि दुसरे कपाट कोणाला हवे असल्यास त्याने रविवारपर्यंत सांगावे. आप्पा, पुस्तकांच्या कपाटाबद्दल आम्ही कोणीच काही लिहिलेले नाही. ते तुम्हीच सांगा.

आप्पा
सर्वांचे लेखन वाचले. पुस्तकांचे काचेचे कपाट नगर वाचनालयाला विचारून पाहा, त्यांनी ते पुस्तकांसकट घेतले तर मला समाधान वाटेल. जी नित्य लागतात ती वीस-पंचवीस पुस्तके मी वेगळी काढली आहेत, ती पलंगाजवळच्या फळीवर मावतील.

आरामखुर्ची न नेण्याबद्दल सूनबाईंचे म्हणणे योग्य आहे. मी गेले सहा महिने तिच्यात बसलेलो नाही, हे बहुधा कोणाच्या ध्यानात आले नसावे. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या वेताच्या खुर्चीत बसतो. आज काकांकडून तिची उंची मोजून घेतली, ती बरोबर १८ इंच भरली. तिच्या उजव्या हातावरचे पॉलिश पूर्ण गेले आहे आणि तिथे लाकूड गुळगुळीत होऊन त्याच्या शिरा उघड्या पडल्या आहेत, कारण मी त्याच जागी तळवा टेकून उठतो. ती खुर्ची न्यावी. मधले वेत दोन ठिकाणी तुटून बैठक खाली गेली आहे, तेवढी जाण्यापूर्वी विणून घ्यावी. हात मात्र पॉलिश करू नये, पॉलिश केल्यावर तळवा घसरतो.

तुमच्या आईने अजून काही सांगितलेले नाही. तिला विचारावे.

ताई (जळगाव)
आईशी आत्ता फोनवर बोलले. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"पलंग कापा, बंगई ठेवा, माझी काही ना नाही. पण तुम्ही इतके दिवस लिहिताय, त्यात आमच्याकडे येणाऱ्याला बसायला आणि निजायला काय, हे कोणी लिहिले नाही. खुर्च्या दोनच. शेजारीण आली तर ती उभी राहील का? आणि तुम्ही पोरी भेटायला आलात आणि रात्र झाली, तर पाहुण्यांच्या खोलीत पैसे भरून निजाल का? मला धाब्यावरची, गच्चीवरची, बाज द्या. ती एका हाताने उचलते, दिवसा भिंतीला उभी राहते. आणि घडीच्या दोन खुर्च्या द्या. बाकी तुम्ही ठरवाल ते."

वहिनी (पुणे)
आई, हे माझ्याही लक्षात यायला हवे होते. बाजेची विण मध्ये खोल जाते म्हणून ती तुम्ही दोघांनी निजायला वापरू नये, पण आमच्यासाठी ती उत्तम आहे.

धाकटी (नाशिक)
बाज सहा फूट लांब आहे. ओट्याच्या बाजूच्या भिंतीला ती उभी राहील आणि दाराला आड येणार नाही, मी नकाशावर पाहिले. रात्री दोन पलंगांच्या मधल्या पाच फुटांत टाकायची, आणि न्हाणीघराकडे जायची वाट अडणार नाही अशा बेताने दाराकडे सरकवून ठेवायची. घडीच्या खुर्च्या मी नाशिकहून आणते. त्यांनाही हात असलेल्याच बघते, कारण येणाऱ्या शेजारणीही आईच्याच वयाच्या असणार.

काका (चोपडा)
बाज मी आजच धाब्यावरून खाली घेतली. दोरी उन्हाने कुजली आहे, म्हणून नवारीने पुन्हा विणायला देतो. सुतार मंगळवारी येतो म्हणाला आहे. दादाने सोमवारी रात्रीपर्यंत इथे पोहोचावे.