मदत हवी आहे : नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनमधील सी हॉक विमानांचे मेकॅनिक – नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार. भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या हवाई स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे 'व्हाइट टायगर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुकडीत, माझे थोरले मामा इंजिन मेकॅनिक होते. देवगड तालुक्यातून साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते नौदलात भरती झाले आणि बांगलादेशच्या युद्धानंतर काही वर्षांनी निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीचा कालक्रम स्क्वाड्रनच्या इतिहासाशी जुळवून एक छोटी पुस्तिका करावी, असे आम्हा भाचरांनी ठरवले आहे. स्क्वाड्रनचा इतिहास बऱ्यापैकी हाती लागला आहे; मामांचा त्यातला ठावठिकाणा मात्र लागत नाही. नौदलाच्या हवाई शाखेत नोकरी केलेले किंवा या विषयाचा अभ्यास असलेले कोणी इथे असतील, तर त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुळवून ठेवलेला इतिहास आधी मांडते, म्हणजे तेच पुन्हा लिहिण्याचा कोणाला त्रास नको. ही स्क्वाड्रन जुलै १९६० मध्ये वेल्समधील ब्रॉडी येथील हवाई तळावर लेफ्टनंट कमांडर बी. आर. आचार्य यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्याकडे एकच वैमानिक बसू शकेल अशी ब्रिटिश बनावटीची सी हॉक जेट विमाने होती. ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले, त्यांनी तिच्या डेकवर पहिले जेट विमान उतरवले. नोव्हेंबरात जहाज मुंबईला पोचले आणि डिसेंबरात, गोवामुक्तीच्या कारवाईच्या वेळी, ते अरबी समुद्रात गस्तीवर होते.

जहाज समुद्रात नसे तेव्हा स्क्वाड्रन जमिनीवर असे. आमच्या घरात 'मामा गोव्याला होते' हे इतके पक्के बसले आहे की मधल्या काळाचा कोणी विचारच केला नव्हता. प्रत्यक्षात नौदलाचा 'हंसा' हा हवाई तळ आधी कोइमतूरजवळच्या सुलूर येथे होता आणि १९६४ मध्ये तो दाभोळीला आला. मामांनी आजीला पाठवलेल्या पोस्टकार्डांपैकी जुन्या दोन-तीन कार्डांवर कोइमतूरचा शिक्का आहे. तो पाहून मावशीने, 'हा तिकडे कशाला गेला होता?' असे विचारले होते. त्याचे उत्तर आता मिळाले आहे. कार्डांवर मजकूर नेहमीचाच आहे : प्रकृती ठीक आहे, मनीऑर्डर मिळाली का, कलमांना मोहोर कसा आहे. कामाविषयी एक अक्षर नाही, आणि ते शिस्तीला धरूनच होते.

१९६५ च्या युद्धात 'विक्रांत' मुंबईत गोदीत डागडुजीसाठी होती, त्यामुळे सी हॉक विमाने जमिनीवरूनच सज्ज ठेवली गेली आणि त्यांपैकी काही जामनगरला नेण्यात आली होती. १९७१ ची गोष्ट अर्थातच वेगळी. जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. डेकवरून विमान कॅटपल्टने, म्हणजे त्याला झटक्यात वेग देणाऱ्या यंत्रणेने, फेकले जाते तेव्हा जहाज वाऱ्याच्या तोंडावर पुरेशा वेगाने हाकावे लागते, आणि वेग कमी पडला तर भरल्या वजनाचे विमान उडवणे धोक्याचे होते. म्हणून अशा अवस्थेतील जहाज लढाईत उतरवावे की नाही, हाच मुळात प्रश्न होता. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ते बंगालच्या उपसागरात उतरले, ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बझारच्या धावपट्टीवर हल्ला केला आणि पुढच्या दिवसांत चितगाव, खुलना, मोंगला या बंदरांवर मारा झाला. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. ३१० स्क्वाड्रनची अलिझे ही पाणबुडीविरोधी विमानेही त्याच डेकवरून उडत होती, पण माझा प्रश्न सी हॉकपुरताच आहे. त्यानंतरचा काळ, म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये दाभोळीला आलेली सी हॅरिअर, २०१६ मधली त्यांची निवृत्ती आणि आताची मिग-२९के, हा मामांच्या नंतरचा असल्यामुळे येथे सोडून देते.

एवढे सगळे वाचल्यावर एक गोष्ट खटकली. मी जे काही वाचले ते जवळजवळ सगळे वैमानिकाच्या आसनावरून लिहिलेले आहे. विमान परत आले, त्याला विमानवेधी तोफांचे तडाखे बसलेले होते आणि काही तासांनी ते पुन्हा उडाले, असे एका वाक्यात लिहिलेले असते. त्या काही तासांत पत्रा कोणी ठोकला, इंजिनाची तपासणी कोणी केली, कोणाच्या सहीने विमान पुन्हा उडण्यास योग्य ठरले, याविषयी 'जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी अहोरात्र काम केले' यापलीकडे काही नाही. वैमानिकांचे कर्तृत्व मला मुळीच कमी लेखायचे नाही. पण स्क्वाड्रनचा इतिहास लिहायचा, तर त्या सहीचा कागद कुठेतरी असला पाहिजे, आणि मला तो हवा आहे.

मामांच्या वस्तूंपैकी पदके आणि एक फोटो एवढेच उपयोगाचे दिसते. पदकांत १९६५ चे रक्षा मेडल, १९७१ चे संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार आहे. पश्चिमी स्टार नसून पूर्वी स्टार आहे, यावरून ते युद्धाच्या वेळी पूर्वेकडे होते एवढे नक्की. पण पूर्वेकडे सेवा केलेल्या तिन्ही दलांतल्या लोकांना तो मिळाला असल्यामुळे ते 'विक्रांत'वरच होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. फोटो कृष्णधवल आहे. पंख दुमडून वर उभे केलेल्या सी हॉकपुढे सहा-सात जण उभे आहेत, मामा डावीकडून दुसरे, हातात चाकाला लावायचा चॉक दोरीने धरलेला. विमानाच्या नाकावरचा क्रमांक एकाच्या खांद्याआड अर्धा गेला आहे. पायांजवळ जमिनीत बसवलेली एक कडी आणि तिच्यातून विमानाकडे गेलेली साखळी दिसते. मागे आकाशाखेरीज काही नाही.

तर प्रश्न असे. हा फोटो जहाजावरचा की दाभोळीचा, आणि साधारण कोणत्या वर्षांतला, हे वरच्या खुणांवरून सांगता येईल का? तसेच, स्क्वाड्रनमधील खलाशांच्या नेमणुकांच्या नोंदी मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात असे कळले. तेथे भाचीने अर्ज केला तर चालतो, की मामींनीच करावा लागेल? मामी हयात आहेत आणि त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. शिवाय विमानांच्या देखभालीच्या नोंदवह्या इतक्या वर्षांनी कोणी जपून ठेवल्या असतील का, हे जाणून घ्यायचे आहे. बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय पाहून आले आहे. तिथे सी हॉक उभे आहे आणि माहिती देणाऱ्यांनी आपुलकीने बोलणे केले, पण असे कागद हा त्यांचा विषय नाही.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः आर्टिफिसर, म्हणजे नौदलातला तांत्रिक कारागीर, म्हणून दाभोळीला होतो, पण सी हॅरिअरच्या काळात. सी हॉक आम्ही आमच्या चीफलोकांच्या तोंडून ऐकले. तरी फोटोबद्दल सांगतो. आधी शेपटीच्या उभ्या पंखाकडे पाहा. पहिली सी हॉक विमाने ब्रिटिश बनावटीची, ब्रिटिश नौदलाच्या धाटणीची होती. साठच्या दशकाच्या मध्यात पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली २८ विमाने इटलीमार्गे आपल्याकडे आली, त्यांचा उभा पंख जास्त उंच होता. फोटोत उंच पंख दिसला, तर फोटो त्या खेपेनंतरचा, म्हणजे सुलूरचा नक्की नव्हे. आखूड दिसला तर मात्र तारीख ठरत नाही, कारण जुनी विमानेही पुढे वापरात होतीच. अर्धा क्रमांक असला तरी भिंग लावून वाचा. दोन आकडे जरी मिळाले, तरी विमानांच्या याद्यांशी ताडून खेप ओळखता येते.

कडीमुळे लगेच जहाज समजू नका, कारण विमान बांधायच्या कड्या तळावरच्या काँक्रीटमध्येही बसवतात. काँक्रीट असेल तर मोठ्या चौकोनांमधल्या डांबर भरलेल्या फटी कुठेतरी दिसतील. डेकवर त्या नसतात आणि कड्या ठरावीक अंतराने ओळीत असतात. मागे झाड, हँगर, डोंगर काहीच नाही, यावरून माझा कल जहाजाकडे आहे, पण स्कॅन पाहिल्याशिवाय पैज लावणार नाही. आणखी एक : खलाशाच्या सेवापत्रात बहुधा जहाजाचे किंवा तळाचे नाव असते, स्क्वाड्रनचे नसते. त्यामुळे '३००' शोधू नका. 'हंसा' आणि 'विक्रांत' यांच्या तारखा शोधा आणि त्या स्क्वाड्रनच्या हालचालींवर बसवा.

प्रतिसाद २

अर्ज मामींच्या सहीनेच करा. निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत, मामांचा सेवा क्रमांक आणि मृत्यूचा दाखला जोडा. तुम्हाला पत्रव्यवहाराचा अधिकार देत असल्याचे मामींनी त्यातच लिहावे. सेवा क्रमांक सापडत नसेल तर पदकांच्या कडा पाहा, तिथे तो नावासह कोरलेला असतो. सरळ अर्जाला उत्तर आले नाही तरच माहितीच्या अधिकाराकडे वळा. त्या कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, सुरक्षेसारखे काही अपवाद सोडून, देणे अपेक्षित आहे. स्क्वाड्रनच्या युद्धकाळातील कागदांसाठी दिल्लीला, संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाला वेगळे पत्र लिहा. जून २०२१ च्या धोरणानुसार असे जुने अभिलेख साधारण २५ वर्षांनंतर गोपनीयतेतून मोकळे करायचे आहेत. पत्रात 'सगळी माहिती द्या' असे लिहू नका. जहाज, स्क्वाड्रन आणि १ ते १६ डिसेंबर १९७१ अशी मुदत नेमकी लिहा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे भिंगाने पाहिले : शेपटीचा वरचा भाग फोटोच्या चौकटीबाहेर गेला आहे, पण मामांच्या पायामागे एक काळी सरळ रेषा आडवी गेलेली दिसते. ती डांबराची फट, डेकवर रंगवलेली रेघ की नुसती सावली, हे मला ठरवता येत नाही, म्हणून चांगल्या प्रतीचा स्कॅन करून इथेच लावते. रक्षा मेडलच्या कडेवरचा क्रमांक अर्धा झिजला आहे, पूर्वी स्टारच्या मागचा मात्र स्वच्छ वाचता येतो. मानखुर्दच्या अर्जाचा मसुदा तयार झाला असून मामी सही करायला तयार आहेत. १९६४ ते १९७२ या काळात दाभोळीला इंजिन विभागात असलेल्या कोणाचे कुटुंबीय ओळखीत असतील, तर नावे इथे उघड न लिहिता मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. फोटोतल्या बाकीच्यांची ओळख पटवण्यासाठी तेवढाच एक मार्ग दिसतो आहे.